काटा हलायचा, फीत मात्र कोरी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्या घरी कॅसेटचा असतो तसा नव्हे. दोन मोठ्या चकत्यांवर फीत फिरवणारा, उचलायला दोन माणसे लागणारा. माझ्या एकाच फितीवर चार पट्ट्या असतात. एकीवर ढोलकी भरायची, मग ती ऐकत ऐकत दुसरीवर झांज, तिसरीवर गाणे. एखादी पट्टी बिघडली तर तेवढीच पुसून पुन्हा भरता येते.

माझा जन्म जपानातला. उमेदीची वर्षे नागपूरच्या एका स्टुडिओत गेली. पुढे नवी यंत्रे आली आणि मला जिन्याखाली ढकलले गेले. तिथे दोन वर्षे माझ्या अंगावर फुटके माठ आणि रद्दी होती. १९८४ साली बालाघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले नीळकंठराव मला घेऊन आले. बसमध्ये त्यांनी मला चादर गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवले आणि गोंदियापर्यंत स्वतः उभे राहिले. घरी आल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने माझा कानाकोपरा पुसला. असा मान मला पूर्वी कुणी दिला नव्हता. म्हणूनच पुढचे सांगताना मला त्यांचा रागही येतो आणि वाईटही वाटते.

लांजीकडच्या एका खेड्यात पुनाराम नावाचे शेतकरी होते. तीस वर्षे त्यांनी दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या खेळात, गाणी म्हटली. त्यांच्याकडे बारा गाणी अशी होती, की ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हते, आणि कुणी लिहूनही घेतली नव्हती. १९८७च्या फेब्रुवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, की गळ्यातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन महिनाभराने ठरले.

बातमी कळताच नीळकंठरावांनी, गाणी फितीवर भरून ठेवू, असा निरोप धाडला. पुनारामच्या साथीदारांना आधी बोलावून दुसऱ्या पट्टीवर ढोलकी भरली, तिसरीवर झांज. चौथीवर नीळकंठरावांनी स्वतः पेटी वाजवली. पुनारामच्या दंडारीत पेटी कधीच नव्हती. पण नीळकंठरावांनी तीन आठवडे सराव केला होता आणि ती खरोखर गोड उतरली होती. पहिली पट्टी पुनारामच्या गळ्यासाठी राखून ठेवली.

गुरुवारी सकाळच्या बसने पुनाराम आले. रविवारी त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला जायचे होते. कानाला हेडफोन लावून ते गायला बसले, आणि काय सांगू, त्या दुखऱ्या गळ्यातून असा सूर निघाला की स्वयंपाकघरातून नीळकंठरावांच्या पत्नी सत्यभामाबाई हात पुसत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पुनारामनी बाराही गाणी म्हटली. आवाजाची पातळी दाखवणारा माझा काटा सारखा नाचत होता.

मग फीत उलटी फिरवून लावली. पहिली चार गाणी ऐकू आली. पुढे ढोलकी, झांज, पेटी सगळे होते, फक्त पुनाराम नव्हते.

मला कारण ठाऊक होते. माझ्या पोटात, पहिल्या पट्टीच्या एका तारेचा डाग, म्हणजे कथलाचा सांधा, कच्चा होता. मी थंड असलो की तार चिकटून राही. वीस मिनिटांत तापलो की केसभर उचलली जाई आणि आवाज फितीपर्यंत पोचत नसे. काटा मात्र त्याच्या आधीच्या टप्प्यावर हलायचा, म्हणून बाहेरून सगळे ठीक दिसायचे. हे मी कुणाला सांगणार?

नीळकंठरावांनी मला बंद करून माइकची वायर बदलली. तेवढ्यात मी थंड झालो आणि आवाज आला. "सापडलं!" ते ओरडले. पुनाराम पुन्हा गायला बसले, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग फितीला टेकणारे हेड पुसले, स्टॅबिलायझर लावला, शुक्रवारी गोंदियाहून नवी फीत आणून, साथीदारांना बोलावून त्यावर ढोलकी, झांज, पेटी पुन्हा भरली. मला उघडले की मी थंड होई, थंड झालो की गुणी मुलासारखा वागे, आणि नीळकंठरावांना वाटे की नुकतीच केलेली दुरुस्तीच लागू पडली. दर वेळी चाचणीसाठी गळा मात्र पुनारामचाच. आधीची चार गाणीही त्या चाचण्यांतच पुसली गेली.

शनिवारी दुपारी पुनाराम बसल्या जागी खोकू लागले. रुमालावर लाल ठिपका दिसला.

"नीळकंठभाऊ, तुमी म्हनान तं अखीन गातो," ते म्हणाले, "पन वरचा सूर आता लागून नाही राह्यला."

"फक्त दहा मिनिटं, पुनारामभाऊ. बिघाड हाती येऊनच राह्यला."

सत्यभामाबाईंनी पाण्याचा गडवा पुनारामसमोर ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, चौथी पट्टी चांगली हाय ना?"

"हौ."

"त्याच्यावर काय हाय?"

"पेटी."

"मंग थे पुसा ना. काहून नाही पुसत?"

 नीळकंठरावांच्या हातातली इस्त्री, म्हणजे डाग देण्याची ती कांडी, तापून धूर सोडत होती. तीन दिवस हे त्यांच्या लक्षात आले नव्हते असे मला वाटत नाही. मी त्यांच्या इतक्या जवळ होतो, की पहिल्या दिवशीच त्यांचा हात चौथ्या पट्टीच्या बटणाकडे जाऊन मागे आलेला मी पाहिला होता. त्या क्षणी मला वाणी असती, तर मी मोठ्याने ओरडलो असतो.

त्यांनी कांडीची पिन काढली. चौथे बटण दाबले. "गा, पुनारामभाऊ. जेवढं होईन तेवढं."

आठ गाणी झाली. आवाज फाटत होता, पण होता. नववे सुरू केले आणि पुनारामनी दोन्ही हात जोडले.

तो कच्चा डाग नंतर सापडला, आषाढात. मी चालू असताना नीळकंठरावांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक तार हलवून पाहिली, तेव्हा खरखर झाली. "एवढंसं होतं," ते म्हणाले. डाग द्यायला अर्धे मिनिट लागले.

ऑपरेशननंतर दिवाळीच्या सुमारास पुनाराम पत्नीला, कमलाबाईंना, घेऊन आले. गळ्याला पांढरे फडके होते. आठही गाणी लावली. पुनाराम ओठ हलवत होते. संपल्यावर त्यांनी बोटांनी खूण केली, पुढची चार? नीळकंठरावांनी मान हलवली, नाहीत. कमलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "इतले दिवस घरात आवाज नाही, सवय झालती मले. आज आयकला तं काही सुचूनच नाही राह्यलं."

ती शेवटची चार गाणी आता कुठेच नाहीत. गुरुवारी ती माझ्यासमोर गायली गेली होती आणि मला एक शब्दही धरता आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखा. धूळ बसू देऊ नका, डाग पक्के द्या. पण एखादे यंत्र हट्टाला पेटले, तर त्याच्यामागे लागण्याआधी समोर बसलेल्या माणसाकडे एकदा पाहा. मी थांबायला तयार होतो. पुनारामच्या गळ्याला थांबता येत नव्हते.