काकडीवर माज फुकट

“काजल, शर्वीने तुझ्या कमेंटला हार्ट दिलंय! स्वतः!”

रश्मी फोनवर किंचाळली तेव्हा काजल एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काच चिकटवत होती. तिचा हात हलला, काचेखाली बुडबुडा राहिला. गिऱ्हाईक कुरकुरलं, शेठने डोळे वटारले. पण शहापुरातल्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानाचा शेठ आज तिच्या खिजगणतीत नव्हता.

शर्वी देशमाने म्हणजे मालिकेत रोज रडणारी आणि इन्स्टावर रोज हसणारी नटी. काजल तिच्या चाहत्यांच्या ग्रुपात होती. शर्वी जाडी झाली असं कुणी लिहिलं, की काजल त्याच्यावर तुटून पडायची. शर्वीचं लग्न मोडल्याची बातमी आली तेव्हा तर तिने नवरदेवाच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. ग्रुप चालवणारी वाशिंदची रश्मी तिला ‘आपली तोफ’ म्हणायची. दुकानात ती ‘ए पोरी’ होती, पाड्यावर आईच्या नावाने मालूची थोरली. तोफ ती फक्त इथेच होती. आणि इथे तिने आपलं गाव ‘ठाणे’ एवढंच सांगितलं होतं. पाडा कशाला सांगायचा?

सकाळी शर्वीने एक छोटा व्हिडिओ टाकला होता. मुरबाडकडच्या कुठल्याशा रिसॉर्टवर जाताना ती वाटेत थांबली होती. हातात काकडी, कॅमेऱ्याकडे लाडिक हसू, एक घास घेतला मात्र, बाजूने बांगड्या भरलेला एक काळा हात आला आणि त्याने काकडी हिसकावून घेतली. शर्वीचा चेहरा एवढासा झाला. खाली तिने लिहिलं होतं, ‘गावाकडचं प्रेम!’ काजलने ते जीपमध्ये दाटीवाटीत बसून पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. जीप शहापुरात पोचायच्या आत तिने लिहून टाकलं: ‘काकडी घ्या, काकडीवर माज फुकट!’

दुपारपर्यंत ते वाक्य हजारोंनी उचललं. कुणी त्याला चाल लावली, कुणी त्यावर नाचलं. ‘यांना फुकट धान्य देऊन माजवलंय’ असंही शहाण्यांनी लिहिलं. सगळ्यांच्या वर काजलचं वाक्य, आणि त्याशेजारी शर्वीचा लाल बदाम.

मग जेवणाच्या वेळी शर्वीबरोबरच्या कुणीतरी पुढचा व्हिडिओ टाकला. कॅमेरा वळला. किन्हवलीच्या रस्त्यावरची हरेशची वडापावची गाडी, तिची निळी ताडपत्री, पुढे काकड्यांची पाटी आणि पाटीमागे आई.

“ठेव ती! ती नको खाऊ गो पोरी!” आई ओरडत होती.

काजलचा घास तोंडातच राहिला. डबा तसाच ठेवून ती दुकानाबाहेर आली आणि तिने रश्मीला फोन लावला.

“रश्मीताई, हे आता थांबवू या ना. त्या बाईचं काहीतरी कारण असेल.”

“कसलं कारण? माज, दुसरं काय! आणि लाइन तर तुझीच आहे. का गं, ओळखतेस तू तिला?”

रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जाईपर्यंत काजलला वेळ होता.

“नाय,” ती म्हणाली. “नाही. असंच म्हटलं.”

फोन ठेवल्यावर तिने कमेंट पुसायला बोट नेलं. पण शेजारी तो लाल बदाम होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसाने तिला दिलेला. संध्याकाळी पुसू, असं तिने ठरवलं. स्वतःची लाज वाटली, तरी ठरवलं तेच.

घरी पोचली तेव्हा मालू दारात बसली होती. चवळीच्या शेंगा, करांदे, काकड्या, सगळं पाटीत तसंच.

“हरेश बोलला, मावशे, उद्यापास्नं हितं नको बसू. पोरं येतात, मोबाइल काढतात, गिऱ्हाईक पळतं.” मालूने पदराने तोंड पुसलं. “इतकी वर्सं त्याच्या सावलीला बसले गो मी.”

“पन तू कशाला हिसकलीस तिच्या हातची?” काजल ओरडलीच. “दिली असतीस तं काय व्हतं?”

“आगो, आज वाघबारस ना? ती येलीची पयली काकडी व्हती, वाघोबाच्या निवदाची. पानाखाली बाजूला ठेवलेली, पोरीनं नेमकी तीच उचलली. वाघोबाच्या आधी खाल्ली तं बाधतं. ती शेरातली, तिला काय ठावं? तिला काय होया नको म्हून हिसकली. दुसऱ्या दोन तशाच देत व्हते, तं गाडीत बसून गेली.”

काजल उंबऱ्यावर आईशेजारी टेकली.

“आता वाघोबाला दुसरी ठेवून आले,” मालू म्हणाली. “बोलले त्याला, पोर नवी हाय, राग नको धरू. तुज्या मोबाइलात दिसते म्हनं ती. बघ गो जरा, बरी हाय ना?”

काजलने मोबाइल उघडला. शर्वी रिसॉर्टच्या तलावाकाठी पाय सोडून बसली होती, आणि खाली तिच्या फौजेने काजलचंच वाक्य ओळीने लिहिलं होतं.

“बरी हाय,” काजल म्हणाली.

“मंग झालं,” मालू म्हणाली आणि निवांत उठली.

तेव्हा काजलने आपली कमेंट पुसली. काही फरक पडला नाही. वाक्याला आता तिची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालू हरेशच्या गाडीपासून लांब, वळणापलीकडच्या पळसाखाली बसली. तिथे गाड्या वेगात येतात, थांबत नाहीत. काजल शेजारी जीपची वाट बघत उभी होती. एक पांढरी गाडी मात्र हळू झाली. मालू सावरून बसली. काच खाली आली, आधी मोबाइल बाहेर आला आणि मग एका पोरीचं तोंड.

“मावशी, काकडीवर माज फुकट!”

गाडीत हशा उसळला.

मालूला नीट ऐकू आलं नाही, तिला गिऱ्हाईक वाटलं. तिने पाटीतल्या दोन चांगल्या काकड्या निवडून वर धरल्या. गाडी निघून गेली.

“काय बोलली गो ती?”

“भाव इचारत व्हती,” काजल म्हणाली.

“मंग थांबली का नाय?”

गाडी दिसेनाशी झाली तरी मालूने हात खाली घेतले नव्हते.