तिसरी जागा

चारुलताने बॅनरची दोरी प्रेक्षक गॅलरीच्या कठड्याच्या गजाला गुंडाळली, गाठ आवळली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. डावी बाजू जरा खाली आली होती.

"परबसाहेब, तुमचं टोक अजून थोडं वर घ्या."

"अहो वहिनी, मॅच सुरू होईल आता. कोण बघणार आहे तिरकं-बिरकं?" नंदकिशोर परब म्हणाले, पण त्यांनी टोक वर घेतलं. सोसायटीचे सेक्रेटरी असल्यापासून त्यांना कुरकुरत का होईना, सांगितलेलं करायची सवय लागली होती.

बॅनरवर मनस्वीचा फोटो होता. एक पाय मागे आडवा, दोन्ही हात पसरलेले, पायात पांढरे चाकांचे बूट. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निरोप एका राणीला'. शब्द चारुलतानेच सुचवले होते.

खाली नेरूळच्या पत्र्याच्या छताखालच्या रिंकवर सरावाची वेळ सुरू झाली. रोलर स्केटिंगच्या राज्य स्पर्धेचा दुसरा दिवस. सिनिअर गटातल्या मुली एकामागून एक उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी मनस्वी आली. बाकीच्या मुलींच्या मधे तिचं वय लगेच दिसत होतं. चौतिसावं सरलं होतं तिचं. तिने सावकाश दोन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीला मान वर केली.

चारुलताने हात हलवला. मनस्वीचा वेग कमी झाला. ती वाचत होती, हे वरूनही कळत होतं. मग तिने वाकून गुडघ्यावरचा पट्टा घट्ट केला, पाठ फिरवली आणि उलट्या दिशेने जोरात निघून गेली.

"खूश झाली बघा," परब म्हणाले.

चारुलताने आपल्या बाजूची गाठ पुन्हा एकदा आवळली.

वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे चारुलता साताऱ्याहून सानपाड्याला आली होती, आणि इथे नीट रुळायच्या आतच तो गेला. फ्लॅट नवा, शेजार नवा, कोणाशी बोलायचं तेही ठाऊक नव्हतं. ऑफिसातून आल्यावर ती चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभी राहायची. खालच्या उद्यानात सिमेंटचा एक गोल होता. त्यावर गावठाणातल्या शांतीची, मासळी बाजारात बसणाऱ्या शांतीची, मुलगी मनस्वी चाकांचे बूट घालून रोज पडायची. पडायची, उठायची, कोपर झटकायची, पुन्हा पडायची. एके संध्याकाळी ती हवेत गर्रकन फिरून खाली आली आणि पडली नाही. चारुलताने कप कठड्यावर ठेवून तिसऱ्या मजल्यावरून टाळ्या वाजवल्या. मुलीने वर पाहिलं आणि हजारो माणसांसमोर वाकावं तशी ऐटीत वाकली.

तिथून सगळं सुरू झालं. चारुलताने उड्यांची नावं शिकून घेतली, गुण कसे देतात ते समजून घेतलं. मनस्वी जिंकू लागली तशी सोसायटीतली माणसं आली, गावठाणातली आली, मनस्वीकडे शिकायला येणाऱ्या मुलींचे आईबाप आले. आज त्यातली निम्मी तरी गॅलरीत बसली होती. कोणी डोक्याला तिच्या नावाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, कोणी ताशा आणला होता.

आणि गेल्या वर्षी ती पडली. दोन गिरक्यांची उडी घेऊन उतरताना चाक सरकलं आणि गुडघा वेगळ्याच दिशेला गेला. तो आवाज चारुलताने गॅलरीत बसून ऐकला होता. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्यापडल्या मनस्वी म्हणाली होती, "बहुतेक पुढची शेवटची, काकू." ते एवढंच वाक्य चारुलताने घट्ट धरून ठेवलं. ग्रुपवर तिनेच टाकलं, सत्काराची तयारी तिनेच केली, शालीचा रंगही तिनेच निवडला. एकदाचं हे संपलं की आपण शांत झोपू, असं तिला वाटत होतं. ते मात्र ती कोणाला बोलली नव्हती.

काल पहिल्या दिवशी मनस्वी पाचवी होती. चारुलताला ते बरंच वाटलं होतं. मेडलचा प्रश्न नाही, म्हणजे जिवाची जोखीम घ्यायचं कारण नाही.

शेजारी शांती येऊन बसली. बाजारातून परस्पर आली होती. मांडीवर टपोऱ्या शेवंतीचा हार होता.

"सांगलंव का तुमी तिला? उडी नको मारू म्हनून?"

"सांगितलंय. साधंच करेल ती आज. बघा तुम्ही, छान होईल."

"ती आयकते कवा?" शांतीने हार पदराखाली घेतला. "पोटुशी व्हते तवापास्नं लाथा मारते."

मनस्वीच्या आधी गीतांजली होती. सीवूड्सची, बारावीतली, लांब हातांची मुलगी. ती कुठेच चुकली नाही. गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला तिची आई अस्मिता उभी होती, आणि मुलगी थांबेपर्यंत तिने श्वास घेतला नसावा. गुण जाहीर झाले. गीतांजली तिसरी आली. तिघींनाच राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं, आणि आता फक्त मनस्वी उरली होती.

तिचं नाव पुकारलं आणि गॅलरी उठून उभी राहिली. ताशा वाजला. "मनस्वी! मनस्वी!" पंचांच्या टेबलावरून कोणीतरी हात वर करून शांत राहायला सांगितलं. मनस्वी रिंकच्या मधोमध मान खाली घालून उभी होती. संगीत सुरू झालं.

पहिलं मिनिट चारुलताने ठरवलं होतं तसंच गेलं. हात संथ, वळणं मोठी, जपून. माणसं डोळे पुसू लागली होती. परब मोबाईलवर शूटिंग करत होते. चारुलताचे खांदे हळूहळू सैल झाले.

मग मनस्वीने एक लांब वळण धरलं. पाठीमागे जात, डाव्या पायावर, चाकांच्या बाहेरच्या कडेवर. जात राहिली, जातच राहिली.

चारुलताने गज पकडला.

"काय झालं?" शांतीने विचारलं.

"मारतेय ती."

"काय?"

"उडी. तीच."

शांतीने पदर तोंडाशी नेला. खाली मनस्वीचा उजवा पाय मागे गेला, बुटाचा पुढचा रबर जमिनीवर आपटला आणि ती वर उचलली गेली. एक गिरकी. दुसरी. चारुलताला तिचं तोंड क्षणभर दिसलं. दात आवळलेले होते. मग पाय टेकला. गुडघा आत झुकला, कंबरेतून शरीर हललं, एक हात जमिनीकडे गेला. आणि जमिनीला न लागता परत वर आला. ती उभी होती. मागे सरकत होती, उभी होती.

छताचे पत्रे थरथरले असं वाटावं इतका आवाज झाला. संगीत कोणाला ऐकूच आलं नाही. पुढे तिने काय केलं ते निम्म्या लोकांनी पाहिलंही नसेल.

गुण यायला वेळ लागला. पंच एकमेकांकडे वाकले, कोणीतरी उठून गेलं, पुन्हा येऊन बसलं. मनस्वी बाकावर गुडघा दोन्ही हातांनी दाबून बसली होती. फलक बदलला.

तिसरी. गीतांजली चौथी. फरक एवढासा होता.

"मेडल!" परब ओरडले. "वहिनी, जाताजाता मेडल!"

सगळे मिठ्या मारत होते. चारुलताही मारत होती, हसत होती, पण तिची नजर मनस्वीच्या गुडघ्यावरून हटत नव्हती. तेवढ्यात कोणीतरी तिच्या दंडाला हात लावला. अस्मिता होती. डोळे लाल, तरी चेहऱ्यावर सभ्य हसू.

"अभिनंदन काकू. खरंच ग्रेट आहेत ताई." ती थांबली. "एक विचारू? ताई आता थांबतायत ना? म्हणजे नॅशनलला त्या जाणार नसतील तर, नियमाप्रमाणे चौथीला... गीतूचं हे शेवटचं वर्ष आहे हो. पुढे इंजिनीअरिंग. तिचे बाबा ऐकणार नाहीत."

चारुलताने रिंकच्या कडेला बसलेल्या मुलीकडे पाहिलं. गीतांजली बुटांच्या नाड्या न सोडताच तशीच बसून होती.

"रडू नको म्हणावं तिला," चारुलता म्हणाली. "मनस्वी देईल जागा. मी ओळखते तिला."

हे म्हणताना तिला कसं हलकं वाटलं. सगळंच जुळून येत होतं. शेवटच्या स्पर्धेत मेडल, आणि वर असा मोठेपणा. याहून सुंदर शेवट कोणाला सुचला असता?

बक्षीस समारंभ झाल्यावर आयोजकांनी त्यांना सत्कारासाठी थोडा वेळ दिला होता. रिंकच्या कडेला टेबल, त्यावर केक, घडी घातलेली शाल. मनस्वी लंगडत आली. गळ्यात मेडल होतं. चारुलताने माईक घेतला. एरवी चार माणसांत बोलताना तिचा आवाज चिरकायचा, पण आज तो स्वच्छ, भरदार लागला.

"आमच्या मनस्वीने आज काय केलं ते तुम्ही पाहिलंत. पण ती नुसती मोठी खेळाडू नाही, मोठ्या मनाची आहे. आज ती थांबतेय. आणि जाताना राष्ट्रीय स्पर्धेची आपली जागा ती पुढच्या पिढीला, आपल्या गीतांजलीला देतेय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्मिताने लेकीला जवळ ओढलं. गीतांजली मनस्वीकडे बघत होती, विश्वास ठेवावा की नाही ते न कळल्यासारखी. कोणीतरी ताशा सुरू केला.

मनस्वीने चारुलताच्या हातातून माईक घेतला. ताशा हळूहळू थांबला.

"असं मी कुठे बोलले?" ती म्हणाली.

लोक हसले. त्यांना वाटलं, ती लाजतेय.

"नाही, सीरियसली. मी थांबतेय असं मी कोणाला बोलले नाही. एकदा हॉस्पिटलमध्ये असताना वाटलं होतं, तेवढंच. तुम्ही सगळे आलात, मला बरं वाटलं. पण मी नॅशनलला जाणार आहे." तिने गीतांजलीकडे पाहिलं. "सॉरी गीतू. तू मस्त खेळलीस. पण जागा मी मिळवलीय."

तिने माईक टेबलावर ठेवला आणि लंगडतच कपडे बदलायच्या खोलीकडे गेली.

टाळी एकही वाजली नाही. वर बॅनर पंख्याच्या वाऱ्याने फुगत होता. गीतांजली आईचा हात सोडवून घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"बारा-पंधरा वर्षं खेळून अजून पोट भरलं नाही," मागून एक बाई म्हणाली. "लेकराच्या तोंडचं काढून घेतलं."

"गुडघा तुटला म्हणजे कळेल," दुसरं कोणी म्हणालं. डोक्याला मनस्वीच्या नावाची पट्टी बांधलेला एक माणूस ती पट्टी सोडून खिशात घालत होता.

अस्मिता समोर आली. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुम्ही शब्द दिला होतात, काकू. माझ्या मुलीला दोन मिनिटं तरी खरं वाटलं ते."

"चूक माझी आहे," चारुलता म्हणाली. "तिची नाही."

"मग सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

चारुलताने शालीवरून हात फिरवला. सगळे तिच्याकडे बघत होते. परबही. ती जाऊन बोलली असती, पाया पडली असती, तर मनस्वीने ऐकलंही असतं कदाचित.

"नाही सांगणार," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. "तिने मिळवलीय ती."

माणसं पांगू लागली. शांती मात्र जागची हलली नव्हती. हार तिच्या हातात तसाच होता.

"जाव तुमी आत," ती चारुलताला म्हणाली. "मी गेले तं भांडन व्हईल."

खोलीत मनस्वी जमिनीवरच बसली होती, पाठ भिंतीला टेकून. एक बूट काढलेला, एक पायातच. सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. चारुलता दारात उभी राहिली.

"रागावलात?" मनस्वीने वर न बघता विचारलं.

"नाही. लाज वाटतेय. तुला न विचारता बोलले."

"बॅनर पण न विचारताच लावलात."

"हो."

बाहेर कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. चारुलता आत आली आणि पदर सावरत तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"काकू, खरं सांगाल?"

"विचार."

"मी आज पडले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

वेडी आहेस का, असं म्हणायला चारुलताने तोंड उघडलं. तिने मनस्वीच्या गुडघ्याकडे पाहिलं. पिशवीच्या कडेने दिसणारी टाक्यांची खूण उन्हात राहून काळी पडली होती.

"हो," ती म्हणाली. "थोडं. जास्त लागलं नसतं तर. मग तुला घरी घेऊन गेले असते, आणि सगळं संपलं असतं."

मनस्वी रागावेल, रडेल, असं तिला वाटलं. पण मनस्वीने नुसती मान हलवली.

"मलापण," ती म्हणाली.

"काय?"

"मलापण बरं वाटलं असतं. वर गेले तेव्हा वाटलं, आता पडायचं आणि सुटायचं." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "आणि नाही पडले. पाय बरोब्बर बसला, काकू. आता काय करू, सांगा."

बर्फाची पिशवी गुडघ्यावरून घसरली. चारुलताने ती उचलून पुन्हा जागेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. बोटं बधिर व्हायला लागली, तरी तिने हात काढले नाहीत.