परसातली एकच जागा

रखमाबाई लग्न होऊन कल्याणला आली तेव्हा त्या घरात तिच्याआधी तीन माणसं होती. तिचा नवरा भाऊ, त्याची सात वर्षांची मुलगी मालन आणि त्याची म्हातारी, ठार बहिरी आत्या. भाऊची पहिली बायको सखू बाळंतपणात गेली होती, त्याला दोन वर्षं झाली होती. ती गेली होती खरी, पण घरात जिथं तिथं तीच होती. तिच्या हातचं लोणचं अजून बरणीत होतं. आत्या रखमाबाईला हाक मारताना निम्म्या वेळा सखूच म्हणायची. रखमाबाई ओ द्यायची. दुसरं काय करणार!

भाऊ कचेरीत कारकून होता. स्वभावानं सरळ, मोजकं बोलणारा. त्यानं रखमाबाईला कधी दुखावलं नाही, निदान जाणूनबुजून तरी नाही.

घराच्या मागं परस होतं. विहीर, न्हाणी, धुण्याचा दगड आणि बाकी सगळी फरशी. मातीची म्हणावी अशी जागा एकच होती, न्हाणीच्या पाठीमागं, दगड रचून केलेल्या गडग्याला लागून. वैशाखात एका रविवारी भाऊ तिथं उभा राहिला आणि म्हणाला, "इथं बकुळ लावावी म्हणतो. ठाण्याला एका स्नेह्याच्या बागेत रोपं झालीत. सखूच्या फार मनात होतं."

रखमाबाई विहिरीवर भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही. "बकुळीची सावली पडायला किती वर्षं लागतात?" तिनं विचारलं.

"दहा-बारा तरी. पण एकदा पडली की नातवंडांना पुरते."

"तोवर उन्हातच बसायचं की! त्यापेक्षा अळू लावू या. खडवलीहून आईकडून गड्डे आणते, काळ्या देठाचे, वडीचे. न्हाणीचं पाणी नुसतं वाहून जातंय. श्रावणात पानं ताटात येतील. आणि एकदा लावलं की दर पावसाला आपलं आपण फुटतं."

"अळवाला काय शोभा आहे? उन्हाळ्यात मान टाकतं. शिवाय ओल, डास, बेडूक."

"आणि बकुळीची मुळं न्हाणीच्या भिंतीत शिरली म्हणजे?"

भाऊ हसला. "मग दोन्ही लावू."

"जागा एवढीशी. रोज पाणी तुंबलं तर तुमची बकुळ कुजून जाईल."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. पण जे खरं होतं ते ती बोललीच नाही. ते झाड एकदा लागलं की ते सखूचं झाड होणार. त्याला फुलं आली की आत्या ती डोळ्यांना लावणार, मालन गजरे करणार, आणि आपण म्हातारपणी त्या दुसरीच्या सावलीत बसायचं. हे तिला सोसवत नव्हतं. एकोणीस वर्षांची होती ती.

भाऊनं थोडा वेळ मातीकडं पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "तुझ्या मनासारखं होऊ दे."

गड्डे आले तेव्हा भाऊ कचेरीत होता. रखमाबाईनं पदर खोचला आणि स्वतःच जमीन उकरायला घेतली. गडग्याचे दोन दगड ढासळून मातीत रुतले होते. ते बाजूला लोटताना तिला मागच्या पोकळीत कात दिसली. चांगली जाड, दोन हात लांब, अजून ओलसर. तिच्या अंगावर शहारा आला. मग वाटलं, धामणीची असेल. धामणी काय, घरोघर फिरतात. हे भाऊला सांगितलं तर तो काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. म्हणेल, पाहिलंस? ओल आणि झुडपं इथं नकोतच. आपण बकुळच लावू.

तिनं काठीनं ती कात उचलली, गडग्यापलीकडं टाकली, दगड होते तसे रचले आणि गड्डे पुरले.

पाऊस लागला तसं अळू माजलं. श्रावणात पानं सुपाएवढी झाली. आणि एक गोष्ट रखमाबाईनं मनात धरली नव्हती तीही झाली. मालन तिच्याकडं आली. आधी ती पोर तिच्यापासून चार हात लांबच असायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आता ती वड्यांच्या वेळी शेजारी येऊन बसू लागली. पानाच्या शिरा लाटण्यानं दाबायला शिकली, कच्चं पान चावून जीभ खाजली म्हणून नाचली. एकदा पानावरचा पाण्याचा थेंब न सांडता ओसरीपर्यंत आणून दाखवला. शेजारच्या रंगूबाईनं, "सावत्र आई जेवायला घालते ना गं नीट?" असं विचारलं तर ही म्हणाली, "आमच्या नव्या आईसारख्या वड्या तुम्हाला येतात का?" हे रखमाबाईनं न्हाणीतून ऐकलं आणि तिथंच तिला रडू आलं.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळपासून घाई होती. रखमाबाईचे हात कोपरापर्यंत पिठात होते. पानं कमी पडली.

"मी आणते, नवी आई."

"आण. मागच्या बाजूची मोठी बघून घे, गडग्याकडची."

तिचेच शब्द. पुढं कितीतरी दिवस तिला तेच ऐकू येत राहिले.

मालनची किंकाळी आली तेव्हा पाठोपाठ भात्यासारखा मोठा फूत्कारही आला. रखमाबाई धावली. पोर फरशीवर बसली होती, पाय हातात धरून, आणि पानांखालून साखळीसारख्या ठिपक्यांची जाड घोणस हळूहळू दगडांत शिरत होती.

भाऊनं पायाला घट्ट बांधलं. वैद्य आले, दवाखान्यातले डॉक्टर आले, कुणी मानपाड्याकडच्या मांत्रिकालाही घेऊन आलं. ज्याला जे येत होतं ते त्यानं केलं. पाय काळानिळा पडून मांडीपर्यंत सुजला. रात्री हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मालन रखमाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. मध्येच शुद्ध आली तेव्हा म्हणाली, "पानं तिथंच पडली, नवी आई." दुसऱ्या दिवशी गौरी पाण्यात पोचवायला बायका निघाल्या, तेवढ्यात ती गेली.

घोणस माणसांनी दगड उपसून मारली. अळू कोयत्यांनी छाटलं. आणि आळीत जे बोलणं व्हायचं ते होऊ लागलं. रंगूबाई विहिरीवर म्हणाली, "पोटची असती तर पाठवली असती का त्या रानात?"

भाऊ मागच्या दारात उभा होता. त्याला कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "रंगूबाई, माझ्या बायकोबद्दल माझ्या परसात असलं बोलायचं नाही. तिला का ठाऊक होतं तिथं जनावर आहे?"

रंगूबाईनं घागर उचलली आणि ती निघून गेली. रखमाबाई चुलीपुढं बसली होती, तिनं ते ऐकलं. रंगूबाईनं तोंडावर शिव्या दिल्या असत्या तरी तिला चालल्या असत्या. हे चालेना. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भाऊ तिला समजावायचा, थोडं दूध तरी घे म्हणायचा, आणि तो जितका मायेनं बोलायचा तितकं तिला आपलं तोंड कुठं लपवू असं व्हायचं.

दिवाळी झाल्यावर भाऊनं ठाण्याहून बकुळीचं रोप आणलं. त्यानं तिला विचारलं नाही. त्याच जागी तो खड्डा खणू लागला. रखमाबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"गड्डे लावले तेव्हा या दगडांत कात होती. ओली. मी पाहिली. तुम्ही बकुळ लावाल म्हणून सांगितली नाही. धामणीची असेल असं मनाला सांगितलं."

 भाऊनं मान खाली घातली आणि खड्डा खणला, पाहिजे होता त्याहून किती तरी खोल. रोप लावलं, माती चेपली. "पाणी," एवढंच म्हणाला. तिनं घागर पुढं केली. त्याचा हात तिच्या हाताला लागू नये अशा बेतानं त्यानं ती घेतली.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. आळीत ती आता सगळ्यांना बिचारी वाटू लागली होती, कारण तिची तब्येत पार उतरली होती. घरात भाऊ तिच्याशी जरुरीपुरतं बोले. वाढलेलं जेवी. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. पण त्याचं अंथरूण ओसरीवर गेलं ते तिथंच राहिलं, आणि आषाढात त्यानं स्वतः अर्ज करून ठाण्याच्या कचेरीत बदली करून घेतली. तिथं एक खोली घेतली. रविवारी येई, आत्याजवळ बसे, परसात एक फेरी मारी, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाई.

वर्ष उलटलं. आत्या अंथरुणाला खिळली आणि एका पहाटे झोपेतच गेली. तिचं तेरावं उरकल्यावर रखमाबाईनं धीर केला. खडवलीची तिची मावशी सोबतीला आली होती, ती आत सामान आवरत होती. भाऊ ओसरीवर पागोटं बांधत होता.

"आता इथं कुणी राहिलं नाही," रखमाबाई दाराआडून म्हणाली. "मलाही ठाण्याला न्या. तुमचं जेवणाखाण्याचं बघीन. दुसरं काही मागत नाही."

भाऊनं पागोट्याचा शेवटचा पेच नीट बसवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"झाडाला पाणी कोण घालील?" तो म्हणाला. "मावशीला राहू दे सोबतीला. मी खर्चाला पाठवत जाईन."

 ती आत गेली, दशम्यांचं गाठोडं घेऊन आली आणि त्याच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं. त्यानं ते उचललं.

"येत्या रविवारी यायचं होईल का?"

"बघू," भाऊ म्हणाला आणि पायऱ्या उतरून स्टेशनाच्या वाटेला लागला.