शिलाला सांगू नका

उद्धवचा फोन आला तेव्हा संध्या अंगणात हळदीचं पोतं रिकामं करत होती. शनिवारची सकाळ होती. कुरुंद्यात हळद शिजवायचे दिवस, त्यामुळं गावभर तो उग्र, मातकट वास कोंदून राहिलेला. ओट्यावर शिला आणि लालसिंग फतकल मारून बसले होते. वाळलेल्या हळदीतली बोटासारखी कांडी एका बाजूला आणि जाड, गोलसर गट्टू दुसऱ्या बाजूला करायचं त्यांचं काम चाललं होतं. धम्मदीप भिंतीला टेकून, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपत तेच करत होता. त्याची कधी चूक होत नसे.

"संध्याताई, जरा बाजूला जाऊन बोला," शिलाचा धाकटा भाऊ उद्धव म्हणाला.

संध्या फाटकापाशी गेली.

"माय गेली. आज पहाटं. चार दिवस आजारी होती. आता दहाला नेतो." मग थोडं थांबून तो म्हणाला, "शिलाअक्काला सांगू नका. तिला काय समजायचं? तेरवी आटोपली की मी येतो, मग बघू."

फोन कटला. मागं वळून पाहिलं तर शिला एक भलामोठा गट्टू उचलून लालसिंगला दाखवत होती आणि खुदखुदत होती, "ह्याचं नाक बघ, तुझ्यावानी."

शिला बेचाळीस वर्षांची. अंगानं बुटकी, डोळे बारीक, बोलताना जीभ जड. बोलणं मात्र मुद्द्याचं. लालसिंग तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. दहापुढची मोजणी त्याला जमत नसे, पण गावातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव पाठ. धम्मदीप सत्तावीसचा. तो आठवड्याला दोन-तीन वाक्यं बोलायचा आणि तेवढी पुरायची. संध्या आधी शहरातल्या एका विशेष शाळेत शिकवायची. अठरा वर्षं झाली की शाळा लेकरांना घरी पाठवायची, आणि घरी ती लेकरं खाटेवर बसून म्हातारी व्हायची. ते बघवेना म्हणून तीन वर्षांमागं तिनं आणि काही आईबापांनी मिळून कुरुंद्यात हे घर भाड्यानं घेतलं. ती इथं शाळेतली बाई नव्हती, की घराची मालकीण नव्हती. चौघांतली एक होती. तिच्या वाट्याला बुधवारची भाजी होती, तशी सोमवारची शिलाच्या.

शिलाला इथं आणून सोडलं ते खुद्द तिच्या मायनं, केशरबाईनं. संध्याला तिचं बोलणं अजून आठवत होतं. "मी मेल्यावर पाठवतील, तर ह्या लेकराची माय बी जाईल आन घर बी. एकाच दिवशी दोन्ही कशाला? मी हाय तवर तिचं घर बसू द्या."

असं म्हणणाऱ्या बाईची लेक अंगणात हळद निवडत होती, आणि तिची माय गेली हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी शिलानं नेहमीप्रमाणं फोन मागितला. रविवारी जेवण झालं की ती मायशी बोले. काय खाल्लं, कोण भांडलं, कोणाला ताप आला, सगळं सांगे.

"लागत नाही फोन," संध्या म्हणाली.

मंगळवारी शिलानं परत मागितला. तेव्हा संध्यानं दुसरं खोटं सांगितलं. माय मावशीकडं गेलीय म्हणाली.

शिलानं तिच्याकडं टक लावून पाहिलं. "माय मला सांगितल्याबिगर जात न्हाई."

या घरात एक शिस्त संध्यानंच घातली होती, की काही फुटलं, सांडलं, हरवलं तरी खरं सांगायचं, कोणी रागावणार नाही. लालसिंगनं दोन काचेचे ग्लास आणि एक कुकरचं झाकण या शिस्तीवर विसंबून कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संध्यामागं मोरीपाशी आला. हातात घासलेला तांब्या.

"बाई, शिलाची माय मेली का?"

संध्या दचकली. "कोण म्हणलं?"

"कोणी न्हाई. तुमी तिच्याकडं पाहून नाही राहिल्या." त्यानं तांब्या पालथा घातला, परत उचलला. "मले बी असंच सांगतलं होतं. मी तवा नांदेडले होतो, वसतिगृहात. भाऊ म्हणे, माय उसाला गेली. मग मी सुट्टीत तांड्यावर आलो की रोडवर जाऊन बसो. उसाच्या गाड्या आल्या की उठून पाहो. बाया उतरत. माझी माय नाही उतरे. लई वर्सं बसलो."

"मग कधी समजलं?"

"एका पोरीनं सांगतलं. अरे येड्या, तुझी माय तर कवाच मेली." तो हसला नाही, रडलाही नाही. "मले वाटलं व्हतं, माय माझ्यावर रागावली म्हणून येत नाही."

संध्या मोरीच्या कट्ट्यावर बसली. पाच दिवस ती स्वतःला बजावत होती की आपण शिलाला दुःखापासून वाचवतोय. शिला तिकडं कसला विचार करत असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

ती उठली. शिला खोलीत वेणी घालत होती. संध्या तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. 'देवाघरी गेली', 'झोपली' असलं काही ती बोलली नाही.

"शिलाताई, तुझी माय वारली. शनिवारी पहाटं. आजारी होती. आता ती परत येणार नाही. आणि मी तुला पाच दिवस खोटं सांगितलं. माझं चुकलं."

शिलाच्या हातातली रिबीन तशीच राहिली. मग म्हणाली, "मावशीकडं न्हाई गेली?"

"नाही."

"जाळली?"

"हो."

"मला काहून न्हाई बोलावलं?"

शिला उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी काढून परत घासायला लागली. सगळी घासली. दुपारी जेवली नाही. लालसिंग तिच्याशेजारी जाऊन बसला आणि घासलेलं एकेक भांडं पुसत राहिला. चार वाजता ती म्हणाली, "मला जायचंय."

संध्यानं उद्धवला फोन लावला. तो चिडला, मग अजिजीवर आला. "ताई, दोनशे माणूस येणार तेरवीला. बाबा गेले तवाचं तुमाला ठाऊक न्हाई. अक्का तिरडीवर आडवी पडली. उठंचना. लोक हसून राहिले होते. एकानं तर मोबाईलवर काढलं. मला न्हाई परत ते..."

शिलानं हात पुढं केला. संध्यानं फोन दिला.

"उद्ध्या," ती म्हणाली. हळूहळू, एकेक शब्द जिभेवरून उचलत. "माझी बी माय हाय. मी येते. तू फाटकात उभा राय."

आणि तिनं बरोबर लाल बटण दाबून फोन बंद केला.

तेरवीच्या दिवशी चौघंही निघाले. धम्मदीपला एकटं ठेवता येत नव्हतं, आणि लालसिंगला 'तू राहा' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. त्यानं आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून घेतली होती. वसमत, हिंगोली, आणि तिथून वाशीमची गाडी. कनेरगाव नाक्यावर उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

उद्धवचा ढाबा रस्त्यालाच. आज बंद होता. पुढं मांडव टाकलेला, माणसं टोप्या घालून बसलेली, मागं घराच्या दारात बायांची गर्दी. मुंडण केलेला उद्धव खरंच फाटकात उभा होता. चौघांना पाहून बोलणी थांबली.

शिला सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काहून न्हाई सांगितलं?"

"अक्का, आत चल."

"आत येते. आधी सांग."

उद्धवनं मांडवाकडं पाहिलं, मग खाली. शिलानं थोडी वाट पाहिली. शेवटी स्वतःच आत गेली.

आत पाटावर केशरबाईचा फोटो, हार, समई. शिला फोटोपुढं बसली नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली, हातानं गादी चाचपली. उद्धवची बायको सरला दारात घुटमळत होती. आता ही ओरडणार, सामान फेकणार, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"सरले, मायला आंघोळ कोणी घातली?"

"मी, वन्सं."

"पाणी गरम होतं?"

"व्हय. गरम केलं."

"लुगडं कोणतं?"

"बारक्या ठिपक्याचं. त्यांच्या आवडीचं."

"केस विंचरले?"

सरला उत्तर द्यायला गेली आणि तिचा आवाज फाटला. ती मटकन खाटेच्या पायाशी बसली. "विंचरले, वन्सं. पर मी तुमची गुन्हेगार हाये. शेवटचे चार दिवस आत्याबाई एकच विचारत होत्या. शिला आली का? शिला आली का? आमी म्हणायचो, येऊन राहिली, रस्त्यात हाय. त्या दाराकडं पाहत गेल्या."

दारात उद्धव उभा होता. कधी आला कोणालाच कळलं नव्हतं.

"मीच म्हणायचो," तो म्हणाला. "इकडं मायला खोटं बोललो, तिकडं तुला. फोन हातात घ्यायचो आन ठेवून द्यायचो. मला वाटायचं तू येशील, रडशील, मायला अजून तरास होईल. बाबाच्या वेळचं डोळ्यापुढं यायचं." तो खाली बसला, आणि त्या दोनशे माणसांच्या घरात लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

शिलानं त्याच्या तासलेल्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी हिनंच त्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरवलं होतं. केशरबाई सांगायची, उद्ध्या पहिल्यांदा माझ्याकडं न्हाई, शिलाकडं पाहून हसला.

"तू भेलास?" शिलानं विचारलं.

"व्हय, अक्का. लई भेलो."

"मला सांगायचं ना मग. मी भेत न्हाई."

खाटेवरच्या कोनाड्यात केशरबाईचा चष्मा होता, एका काडीला दोरा बांधलेला. शिलानं तो डोळ्यांवर चढवला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळं अंधुक. "मायला असं दिसायचं?" ती हळूच म्हणाली. तिनं तो काढून पदराला पुसला आणि कमरेला खोचला. कोणी नको म्हटलं नाही.

मग ती उठली. "माय कुठं हाय, ते दाव."

"अक्का, आता तिथं काही न्हाई."

"जागा हाय ना?"

बाहेर मांडवात रामजीकाका, उद्धवचे चुलते, काठी टेकून उभे राहिले. "बाईमाणसानं मसनात जाऊ नाही, उद्धव. त्यातून ही अशी. लोक काय म्हणतील?"

उद्धवनं डोळे पुसले. "म्हणू द्या, काका. मायनं तिचीच वाट पाहिली. माझी न्हाई."

आणि तो पुढं झाला. त्याच्यामागं शिला, शिलाचा हात धरून सरला. मागून संध्या आणि लालसिंग. धम्मदीप कानांवर हात ठेवून सगळ्यात शेवटी. गावाबाहेर नाल्याच्या काठाला मातीत एक काळा चट्टा होता, एवढंच. उन्हानं भेगाळलेला.

"इथं?"

"इथं, अक्का."

शिला उकिडवी बसली. तळहातानं माती सारखी करायला लागली, खडे वेचून बाजूला टाकायला लागली. बसायच्या आधी आपण जागा झाडतो, तशी. लालसिंगही बसला आणि खडे वेचू लागला. मग उद्धव. मग, सगळ्यांना आश्चर्य वाटावं असा, धम्मदीप. डोळे मिटून, बोटांनी चाचपत, त्यानं ती सगळी जागा निवडून साफ केली. शिला फक्त एवढंच बोलली, "माये, मी आले. रस्त्यात उशीर झाला."

जेवणं झाल्यावर उद्धवनं तिला विचारलं, "अक्का, आता इथंच राय. सरला पण म्हणते."

शिलानं विचार केला. ती विचार करायला वेळ घेते, आणि कोणी घाई केलेली तिला चालत नाही. "न्हाई. माझं घर कुरुंद्याला हाय. तू ये. सोमवारी ये, माझी भाजी असते."

तो येईन म्हणाला. खरंच येईल का, हे संध्याला तेव्हा सांगता आलं नसतं. तो पुढच्याच सोमवारी आला, आणि नंतरही येत राहिला. मीठ जास्त झालेली वांग्याची भाजी मुकाट्यानं खायला शिकला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत गर्दी होती. खिडकीची जागा लालसिंगची. ती तो कोणाला देत नाही, मागं एकदा कंडक्टरशी त्यावरून भांडला होता. आज तो उठला आणि म्हणाला, "शिला, तू बस."

शिला बसली. गाडी नाक्यावरून वळली, ढाब्याची पाटी मागं गेली, आणि मग ती रडायला लागली. माय गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच. तोंड उघडं टाकून, मोठ्यानं, गाडीभर ऐकू जाईल असं. लोक मागं वळून पाहू लागले. संध्याचा हात सवयीनं उठला, 'शू, हळू' म्हणायला. तिनं तो खाली घेतला.

कंडक्टर आला. "काय झालं हो हिला?"

संध्या बोलायच्या आत लालसिंगनं सांगितलं, "तिची माय मेली."

कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र खाली केलं. पुढच्या सीटवरची एक म्हातारी उठली, हलत्या गाडीत सीटांना धरत धरत आली, शिलाशेजारी टेकली आणि तिला छातीशी धरून म्हणाली, "रड माय, रड. माय गेल्यावर कोण न्हाई रडत."

हिंगोली येईपर्यंत शिला रडत होती. गाडीतल्या कोणीच तिला गप्प केलं नाही.