शनिवारचं तेल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मुकुंदवाडीच्या एका घरात सध्या माझा मुक्काम पलंगाखाली आहे. वास येतोय ना? तो गोड्या तेलाचा आहे.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. पडदा एकाचा, डबा दुसऱ्याचा, पण संसार बरा जमला. आधी मी टायपिंगच्या वर्गात राबलो. तिथे मुलांनी मला इतकं बडवलं, की कळफलकावरची अक्षरं पुसून गेली. मग सोमनाथरावांनी मला त्यांच्या लेकीसाठी, प्रेरणासाठी, घरी आणलं. तिच्या आईने, द्वारकाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

प्रेरणा भौतिकशास्त्र शिकत होती. दूर अवकाशात एक मोठी दुर्बीण आहे. आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश ती टिपते, आणि तिची छायाचित्रं कुणालाही पाहायला मिळतात. प्रेरणाने त्यातली शनीची निवडली. कड्यांच्या बाहेरचा एक अंधूक पट्टा तिला स्पष्ट करून दाखवायचा होता. एकेक चित्र साफ करायचं आणि दुसऱ्यावर नीट बसवायचं, असं ते किचकट काम. मी तापायचो, घुरघुरायचो, मध्येच अडायचो. "चल रे म्हाताऱ्या," ती म्हणायची. अख्खा हिवाळा आम्ही दोघांनी त्यात घातला. येत्या सोमवारी ते तिच्या कॉलेजातल्या मंजुषा मॅडमना दाखवायचं होतं. पसंत पडलं, तर त्या तिला संशोधनासाठी पुण्याला पाठवणार होत्या. दुसरी प्रत काढायचं काम मात्र ती रोज उद्यावर ढकलत होती.

त्यातच सोमनाथराव दुचाकीवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्या चंपाबाईंनी लगेच निदान केलं, "साडेसाती हाय, दुसरं काय!" त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंची नजर माझ्या पडद्यावर गेली. काळाकुट्ट गोळा आणि भोवती झगझगीत कडी.

"ह्यो कोण गं?"

"शनी आहे, आई."

"आगं बाई! लई काळा हाय की!"

"त्याच्यावरचा वायू हा प्रकाश गिळतो. कडी बर्फाची आहेत, म्हणून चमकतात. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

ते शेवटचं वाक्य मला खटकलं. माझ्याशी तासन्‌तास बडबडणारी मुलगी आईपाशी तेवढ्यावरच थांबली.

शनिवारी प्रेरणा कॉलेजला गेली, तेव्हा मी चालूच होतो. द्वारकाबाई अंघोळ करून आल्या. डब्याचं बटण दाबलं की शनी येतो, हे त्या रोज पाहत होत्या. म्हणजे त्याचं ठाणं डब्यातच, असं त्यांनी धरलं. त्यांनी माझ्यावर रुईच्या पानांची माळ घातली, काळे उडीद वाहिले आणि हात जोडले.

"देवा, माझी पोरगी रोज तुझ्या तोंडाकडं बघती. तिला कळत नाय. तिच्यावर राग धरू नको."

मग शनीच्या देवळात सोडतात तसं त्यांनी पळीने तेल सोडलं. माझ्या डोक्यावर हवेसाठी जाळी आहे. उडीद पंख्यात अडकले, तेल आत उतरलं, मी तापत गेलो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या पोटात तिच्या लेकीची सगळी मेहनत बुडत होती. मला दोघींचीही कीव आली.

मी जळून बंद पडलो. प्रेरणाने नेलं, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराने मला उघडलं आणि मान हलवली. "ह्यातलं आता काय बी निघणार नाय, ताई."

सोमवारी प्रेरणा रिकाम्या हाताने गेली. पुण्याला दुसऱ्याच मुलीचं नाव गेलं. घरातलं बोलणं बंद झालं. स्वयंपाक व्हायचा, पण गप्पा व्हायच्या नाहीत.

एक दिवस द्वारकाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "त्यो काळा का दिसतो, सांग की. आता समदं ऐकते मी."

प्रेरणाने सवयीने माझं बटण दाबलं. काहीच उमटलं नाही. काळ्या पडद्यात दोघींचे चेहरे तेवढे दिसत होते. मग प्रेरणा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

मित्रांनो, कामाची दुसरी प्रत आजच काढा. आमची जाळी स्वच्छ ठेवा. आणि जे शिकाल, ते पडदा उजळ आहे तोवर घरच्यांना जवळ बसवून दाखवा. द्वारकाबाईंनी विचारलं, तेव्हा माझ्यापाशी दाखवायला काही उरलं नव्हतं.