साखरदाणीच्या बुडाशी चिमणीचं पाऊल

मी एक जुनी साखरदाणी आहे. अस्सल चांदीची आणि तितकीच अस्सल हट्टी. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर आधी माझं नक्षीचं झाकण बघाल, मग गोल पोट बघाल. सगळे तसंच करतात. माझी खरी गोष्ट मात्र माझ्या बुडाशी आहे, आणि तिथे वाकून बघायला कुणाला सवड नसते.

मला एका मुलीनं घडवलं. तिचे वडील चांदीकाम करायचे, भाऊ गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि ही ऐरणीपाशी बसायची. सपाट पत्रा ठोकून ठोकून तिनं मला गोलाई दिली. अगदी होत आले आणि गळ्यापाशी तडकले! तिनं मला सरळ वितळवलं, पुन्हा पत्रा केला आणि म्हणाली, "बघू या, तू दमतेस की मी!" माझा हट्ट कुठून आला ते कळलं ना?

मी तयार झाले तेव्हा वडिलांनी मला उजेडात फिरवून पाहिलं. "ज्यानं घडवलं त्याचाच ठसा," एवढंच म्हणाले. मग तिनं पोलादाच्या सळईवर स्वतःचा ठसा कोरला. चिमणीचं पाऊल, तीन बोटांचं. कोरताना हत्यार निसटलं आणि मधलं बोट तोकडं राहिलं. तो ठसा तिनं माझ्या बुडावर एका घावात उमटवला. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे मी एका मोठ्या घरात गेले. चहाच्या टेबलावर माझा मान पहिला. घरच्या बाईंचा माझ्यावर भारी जीव, म्हणून येता-जाता पावडर लावून घासायच्या. पोट घासलं तर घासलं, पण बूडही सोडायच्या नाहीत. "कशी लख्ख झाली!" म्हणून खूश व्हायच्या. मी मनात ओरडायची, "अहो, पुरे! माझी ओळख पुसली जातेय!" पण एवढ्या मायेनं घासणाऱ्या बाईवर रागवायचं तरी कसं?

बाई गेल्या. मग मी कपाटात पडून काळी ठिक्कर झाले, आणि एके दिवशी जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. दुकानदार भला माणूस, पण सदा घाईत. चांदी आली की उलटी करायची, भिंग लावायचं. कारागिराचा ठसा ओळखू आला तर फळीवर, नाहीतर आटणीच्या टोपलीत. आटणी म्हणजे वितळवून लगडी करणं. माझ्याकडे पाहून तो "नुसते ओरखडे" म्हणाला आणि मी गेले टोपलीत. आटणीवाला दुपारी यायचा होता. मी ठरवलं, रडायचं नाही. टोपलीत पडले तीही बूड वर करूनच.

दुपारच्या आतच एक सासू-सून आल्या. सासूबाई चांगल्याच म्हाताऱ्या, पण एकेक भांडं उलटं करून बघत होत्या.

"आई, किती दुकानं पालथी घालायची? पाय दुखतील तुमचे," सून म्हणाली.

"पाय माझे, दुखणं माझं. तू भिंग धर. तुझा नवरा हसतो ना मला? त्याच्या मामानं, माझ्याच भावानं, सांगितलंय म्हणे, मी नुसती भट्टीला वारा घालायची! माझ्या हातची एक तरी वस्तू त्याच्यापुढे ठेवीन, तेव्हाच गप्प बसेन."

त्यांनी मला टोपलीतून उचललं. अंगठा माझ्या गळ्यावरून फिरला आणि जागीच थांबला. अगं बाई, हा तर तोच हात! मी ओळखलं, पण मला बोलता कुठे येतं?

"थांबा आजी, जरा घासून देतो. ठसा असलाच तर स्पष्ट दिसेल," म्हणत दुकानदारानं फडकं उचललं.

"खबरदार! घासून घासूनच तर हा गेलाय. आणि आधी ऐका. माझी असेल तर चिमणीचं पाऊल असेल, आणि मधलं बोट तोकडं."

मग त्यांनी माझ्या बुडावर तोंडानं 'हा' केलं आणि मला खिडकीकडे तिरकं धरलं. वाफ धरली, हळूहळू उडू लागली, आणि तेवढ्यात तीन रेषा वर आल्या. दुकानदारानं भिंग लावलं. घाई विसरून कितीतरी वेळ बघत राहिला.

"तोकडंच आहे हो," तो म्हणाला. "आणि मी हिला वितळवायला काढली होती!"

आजींचे डोळे भरून आले. माझ्या बाबतीत म्हणाल तर, चांदीला डोळे नसतात हे बरंच आहे.

संध्याकाळी मी त्यांच्या टेबलावर होते. आजींचा मुलगा साखर घेत म्हणाला, "छान आहे. कुठून आणली?"

"आधी रिकामी करा, मग उलटी करा," सून म्हणाली आणि त्याच्या हातात भिंग दिलं. ठसा कसा बघायचा तेही तिनंच दाखवलं. दुकानात काय घडलं ते ऐकताना त्याचा चहा गार झाला.

"आई, ही तू केलीस?"

"मग काय शेजारणीनं?"

तो हसला नाही. खुर्ची ओढून आईजवळ बसला आणि म्हणाला, "पत्र्याची अशी गोल साखरदाणी कशी होते गं? मला सांग ना." आजींनी कपबश्या बाजूला सारल्या आणि पदर खोचला.

मित्रांनो, घरातली जुनी चांदी जरूर चमकवा. पण आधी ती उलटी करा, आणि बुडाशी काही दिसलं तर तिथे हात आवरा. तिथे घडवणाऱ्याची सही असते, आणि कधी कधी ते माणूस अजून तिला शोधत असतं.