अळवाखालचं पाणी

कळंब्याच्या नव्या बंगल्यात तळं हवं होतं ते सम्राटला. पावणं आलं की आधी तळं, मग चहा. आत काळा प्लास्टिकचा कागद, मधे गळ्याएवढं पाणी, आणि काठाला पाण्याखाली वीतभर एक पायरी. "कड दिसता कामा नये," त्यानं बायकोला, पूर्णिमाला, बजावलं. "प्लास्टिक दिसलं की सगळी शोभा गेली."

पूर्णिमानं कड झाकली. जाळीच्या टोपल्यांत काळी माती भरून पायरीवर ओळीनं बसवल्या. त्यात वेखंड, कर्दळ आणि अळू. पावसाळा सरेपर्यंत पानं अशी माजली, की हिरवळ कुठं संपली आणि पाणी कुठं लागलं हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. फोटो झकास यायचे.

त्या दिवशी ती दळण घेऊन आली तर दार उघडं. सासू घरात नाही. सासूला सगळी आक्काच म्हणायची.

"आक्का! ओ आक्का!"

हिरवळीच्या टोकाला आक्काच्या चपला दिसल्या. जोडीनं, तोंड तळ्याकडं. पूर्णिमाच्या हातातला डबा सुटला. पीठ सांडलं.

आक्काचा जन्म बिद्रीकडच्या मळ्यात गेलेला. खायच्या पिकात चपला घालून शिरायचं नाही, एवढं तिच्या अंगात मुरलेलं. आणि मळ्यातलं अळू पाटाच्या चिखलात. अळू उभं हाय म्हणजे खाली माती हाय, पाय रुतला तर घोट्याएवढा. सकाळी तिनं विचारलं होतं, "वड्या करूया का गं?" मोबाइलमधनं मान वर न काढता पूर्णिमा म्हणाली होती, "करा की." पायरीपुढं काय आहे ते सांगायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वारा नव्हता आणि अळू हलत होतं.

तिनं पानं बाजूला सारली. हनुवटीपर्यंत बुडालेली आक्का, मुठीत कर्दळीचा बुंधा.

"पूर्णे, खाली काय न्हाईच गं..."

पूर्णिमा पालथी पडली, मनगट धरलं, ओढलं. शेवाळलेल्या प्लास्टिकवर आक्काचे पाय सटकले, टोपली कलंडली, कर्दळ मुळासकट सुटली. आक्का पाण्याखाली गेली. काळ्या पाण्यावर नुसते पांढरे केस.  

काठावर कापलेल्या पानांवर आक्काचा विळा पडला होता. पूर्णिमानं तो उचलला, काठालगत प्लास्टिकात खुपसला, खाली मातीत घट्ट रुतेपर्यंत. एका हातानं मूठ धरली आणि पाण्यात उतरली. दुसऱ्या हाताला आधी केस लागले. केसांनीच ओढलं. मग काखेत हात, मग खालनं गुडघ्याचा टेका. टोपल्या लाथेनं उडवल्या आणि आक्काला त्या पायरीवर ढकललं.

आक्का खोकली. खोकत राहिली. पूर्णिमाला त्या खोकण्याएवढं गोड कधी काही वाटलं नव्हतं.

सम्राट कागलच्या कारखान्यातनं धावत आला. आईला डॉक्टरनं तपासलंय, छाती साफ हाय, हे ऐकलं, पूर्णिमाला बिलगून पडलेल्या तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग खिडकीतनं बाहेर बघितलं. फाटलेला कागद, पूर्णिमानं नंतर एकूण एक उपसून फेकलेल्या टोपल्या, उघडी कड.

"एवढं सगळं काढायची काय गरज होती? बाहेर काढलंस न्हवं तिला?"

"उद्या तळंच बुजवणार हाय मी."

"पावणं काय म्हणतील?"

"त्यांस्नी आईचा फोटो दाखवला असतास. हार घातलेला."

 पूर्णिमा चहा टाकायला उठू लागली, तर उठता येईना. आक्कानं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.